भाव काय, किंमत काय!

परत तेच! आज गंगापूर रोडवरच्या कार्यक्रमात निवेदकानं पाहुण्यांच्या 'किंमती वेळा'चे आभार मानले. अहो, किंमत असली तरी वेळ 'किमती' असतो, तो अनुस्वार काढा!

बरं, ते सोडा. फ्लॅटच्या कर्जासाठी आलेला माणूस म्हणतो, "घराचं मूल्यमापन करायचंय." का? घरानं चाचणी परीक्षा दिलीये? मूल्यमापन शाळेत पोरांचं होतं. घराची किंमत ठरवायची तर मूल्यांकन म्हणा, नाहीतर सरळ 'किंमत काढतो' म्हणा की!

लासलगावच्या लिलावात कुणी असा घोळ घालत नाही. तिथं कांद्याला भाव फुटतो, तोही क्विंटलवर, सकाळी एक, दुपारी दुसरा. भाव बाजाराचा, किंमत वस्तूची आणि मोल? ते 'मूल्य'चंच घरगुती रूप, पण नशिबी मोलमजुरी आणि मोलकरीण. (अनमोल म्हटलं की मात्र लगेच हिरेजडित!)

आणेवारीचं, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या सरकारी अंदाजाचं, तर विचारूच नका. 1957 साली दशमान नाणी आली, आणे गेले, कागदावर पैसेवारी झाली. आमचे काका अजून आणेवारीच म्हणतात. त्यांना मात्र मी काही बोलत नाही. निदान पिकाबद्दलच बोलतात, माझ्या वेळाबद्दल नाही.