कच्च्या लिंबांचा गट? जरा बावीस-बावीस मांडून बघा

५ जुलै २०२५ला, शनिवारी, चियांग माईत, पात्रता गटाच्या शेवटच्या सामन्यात भारताच्या फुटबॉलच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ हरवलं आणि २०२६च्या महिला आशिया चषकात जागा मिळवली. सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आज पाणी उशिरा येईल' या निरोपाखाली एक फॉरवर्ड येऊन पडला. संध्याकाळपर्यंत तोच ऑफिसच्या ग्रुपवर, रात्री भाचीच्या फुटबॉल क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: 'उगाच नाचू नका. गटात मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक, सगळे कच्चे लिंबू. मंगोलियाला १३ गोल हाणले आणि गोलफरकावर पुढे गेले. थायलंडही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. बारा संघांची स्पर्धा, त्यात शिरणं काय कठीण? आणि २०२२ला घरच्या मैदानावर याच टीमने माघार घेतली होती.'

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वर 'अगदी खरं' असंही लिहिलं. काका, तुम्हाला खाली भेटलो तेव्हा पाऊस होता, बोलणं अर्धं राहिलं. म्हणून सगळं इथे.

आधी गोलफरक, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल, कारण ती सरळसरळ चूक आहे. भाचीने विजेच्या बिलाच्या पाठीवर दोन रकाने पाडले. भारत: मंगोलिया १३-०, तिमोर-लेस्ते ४-०, इराक ५-०. थायलंड: याच तिघांविरुद्ध याच क्रमाने ११-०, ४-०, ७-०. खाली रेघ मारून बेरीज केली. इकडे २२, तिकडे २२. दोघांनी खाल्लेले गोल शून्य, गुण प्रत्येकी ९. तिने बेरीज दोनदा केली, मग मी एकदा केली. म्हणजे शेवटच्या सामन्याला उतरताना त्या १३ गोलांनी भारताला एका केसाचाही फायदा दिला नव्हता. बरोबरी झाली असती तर थेट पेनल्टी शूटआउट. त्याच दिवशी दुसऱ्या एका गटात नेमकं तेच झालं: उझबेकिस्तान आणि नेपाळ ३-३, आणि नेपाळ पेनल्टीवर घरी गेलं. भारताने ती वेळच येऊ दिली नाही. भारताचे गुण १२, थायलंडचे ९. यात गोलफरक कुठून आला?

आता कच्चे लिंबू. मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक आपल्यापेक्षा खूप कमकुवत होते, हे मान्य. त्यावर वाद घालणारा माणूस आकडे बघत नाही. पण गल्लीतला कच्चा लिंबू आउट झाला तरी मोजत नाहीत, पात्रता गटात मात्र त्याच्यावरचा प्रत्येक गोल मोजला जातो. हे आपल्याला चांगलंच ठाऊक असायला हवं, कारण एकेकाळी तो लिंबू आपण होतो.

एप्रिल २०१७, २०१८च्या आशिया चषकाची पात्रता फेरी. ठिकाण प्योंगयांग. भारताच्या गटात उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया, उझबेकिस्तान आणि हाँगकाँग. उत्तर कोरियाकडून ०-८, दक्षिण कोरियाकडून ०-१०, उझबेकिस्तानकडून १-७. हाँगकाँगला तेवढं २-० हरवलं. दोन्ही कोरियांचा आपसातला सामना १-१ सुटला, गुण सारखे झाले, आणि दक्षिण कोरिया गोलफरकावर पुढे गेलं. प्योंगयांगमध्ये, उत्तर कोरियाच्या घरच्या मैदानावर, उत्तर कोरिया बाहेर. आपल्यावर एकाने दहा मारले होते आणि दुसऱ्याने आठ, त्या दोन गोलांचाही त्यात वाटा होता. गोलफरकावर पुढे जाणं म्हणजे काय, ते हे. तेव्हा 'गट फार कठीण पडला हो' असा फॉरवर्ड मला तरी कुणी पाठवला नव्हता. ड्रॉ, म्हणजे गटांची सोडत, वाईट निघाला की संघ भिकार, बरा निघाला की नशीब, हा कुठला हिशेब?

शिवाय गट सोपा की कठीण हे पाच संघांच्या सरासरीवरून ठरत नाही, दारं किती आहेत यावरून ठरतं. इथे दार एकच होतं. ३४ संघ, ८ गट, प्रत्येक गटातून फक्त पहिला आत. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही, मागच्या दाराचा प्ले-ऑफसुद्धा नाही. यजमान ऑस्ट्रेलिया आणि २०२२चे पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान, आधीच आत बसलेले. 'बारा संघांची स्पर्धा' या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. २०१८ला आठच संघ होते, तेव्हा वाट अधिक अरुंद होती. पण बारा जागा झाल्या तरी चियांग माईतल्या पाच संघांना त्यातली एकच मिळणार होती, आणि तिच्यावर थायलंड बसून होतं.

थायलंड पूर्वीसारखं राहिलेलं नाही म्हणणाऱ्यांनी सांगावं, पूर्वी म्हणजे कधी? २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्डकप हा संघ खेळला. २०२३चा वर्ल्डकप अगदी शेवटच्या आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये कॅमेरूनकडून हरून हुकला. सामन्याआधी फिफा क्रमवारीत थायलंड ४६वं, भारत ७०वा. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. आणि १३-०ची एवढी टिंगल करता आहात म्हणून सांगतो: २०१९च्या वर्ल्डकपमध्ये अमेरिकेने याच थायलंडला बरोबर १३-० हरवलं होतं. तेरा गोल खाणारा संघ कायमचा लिंबू राहत नाही. मंगोलियाला हसताना हेही लक्षात असू द्या.

सामना मी मोबाइलवर पाहिला. २९व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारलेला गोल पाहून मी एकटाच ओरडलो. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत, ४७व्या मिनिटाला, थायलंडने बरोबरी साधली. अशा वेळी आपला संघ मागे मागे सरकत जातो, हे इतक्यांदा पाहिलंय की मी मोबाइल उलटा ठेवून चहा टाकायला उठलो होतो. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीताच, या वेळी डोक्याने. चहा उतू गेला. उरलेली सोळा मिनिटं आणि वरची भरपाईची वेळ बचावफळीने जी काढली, तिला मुंबईच्या भाषेत 'खडूस' म्हणतात.

राहिली २०२२ची माघार. याचा मला खरा राग आहे, कारण ते आपल्या दारात घडलं. २०२२चा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. २० जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत-इराण ०-० झाला. संधी वाया घालवल्या, त्यावर काय टीका करायची ती करा. पण मग बायो-बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून तोडलेल्या घेऱ्यात, कोरोना शिरला, डझनभर खेळाडू पॉझिटिव्ह निघाल्या, काही आधीच जखमी. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू हव्या होत्या. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, तेवढ्या उभ्या राहू शकल्या नाहीत, म्हणून संघाने 'माघार घेतली असे मानण्यात आले'. 'माघार' हा शब्द तेवढ्यापुरता, नियमपुस्तकातला. इराणविरुद्धचा तो सामनाही मग रद्द धरला गेला. कुणी पळून गेलं नव्हतं काका, मुली हॉटेलच्या खोल्यांत बंद होत्या.

ता. क. 'भारत पहिल्यांदाच आशिया चषकात' असा दुसरा फॉरवर्ड आमच्याच बाजूचे लोक फिरवत आहेत. तोही चूक. १९७९-८० आणि १९८३ला भारत उपविजेता होता, २००३लाही खेळला होता. पात्रता फेरी खेळून, जिंकून जाण्याची ही पहिली वेळ. भाचीने ते विजेचं बिल फ्रिजवर लावलंय. भरायची तारीख गुरुवारची आहे.