‘दुसऱ्यांदा कॅट म्हणजे वर्ष फुकट’ या मेसेजला माझं उत्तर

कॅटचा निकाल लागला की पुण्यातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर आणि घरोघरच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कॅट म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा. मेसेज थोडक्यात असा: कॅट ही बुद्धीची परीक्षा आहे, पहिल्यांदा ज्याला जमली नाही त्याला दुसऱ्यांदाही जमत नाही. रिपीटरला, म्हणजे पुन्हा बसणाऱ्याला, आयआयएमवाले मुलाखतीत कापतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीच्या विभागाची आशाच ठेवू नये. आणि तरीही बसायचंच असेल, तर नोकरी सोडून, पुन्हा क्लास लावून अख्खं वर्ष घालवावं लागतं.

परवा माझ्या मामेभावाला हा मेसेज मामांनीच पाठवला. त्याने तो मला पुढे पाठवून विचारलं, ‘ताई, खरंय का हे?’ मी मराठी माध्यमातली. पहिल्या प्रयत्नात आपटले होते आणि दुसऱ्यात, हिंजवडीतली नोकरी सांभाळून, मला हवा तो प्रवेश मिळाला. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

पहिला मुद्दा बुद्धीचा. २०२३ चा पेपर बघा: ६६ प्रश्न, १९८ गुण, तीन विभाग (इंग्रजी, लॉजिकल रीझनिंग आणि गणित), प्रत्येकाला ४० मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. अशा पेपरात ९९ पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे राहायला, एकूण गुणांच्या निम्मेसुद्धा लागत नाहीत. म्हणजे काय सोडायचं हे ज्याला कळतं, त्याची ही परीक्षा आहे. २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले होते. ९५ वरून ९९ पर्सेंटाइलला जायचं म्हणजे जवळजवळ पावणेबारा हजार जणांना मागे टाकायचं. ऐकून छातीत धस्स होतं, पण ही सगळी गर्दी सहा-सात प्रश्नांच्या अंतरात दाटीवाटीने उभी असते.

माझं पहिल्या वर्षी काय झालं? लॉजिकल रीझनिंगच्या विभागात एका सेटला, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटाला, मी बावीस मिनिटं चिकटून बसले. तो सुटला, तेव्हा उरलेले सोपे दोन सेट वाचायलाही वेळ नव्हता. त्या विभागाचा कटऑफ गेला आणि बाकी दोन विभाग चांगले असूनही मुलाखतीचा कॉल आला नाही. सेटवरून कधी उठायचं हे मला ठाऊक नव्हतं. ते शिकता येतं, मी शिकले.

आणि पहिल्या प्रयत्नातून जे हाती येतं, त्याबद्दल हा मेसेज अवाक्षर काढत नाही. परीक्षेनंतर तुमची रिस्पॉन्स शीट (तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद) आणि उत्तरसूची कॅटच्या वेबसाइटवर येते. लिंक बंद व्हायच्या आत ती उतरवून ठेवा. मग प्रत्येक चुकलेल्या किंवा राहून गेलेल्या प्रश्नावर खूण करा: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, की हातच लावायला नको होता. माझ्या शीटवर तिसऱ्या खुणा सगळ्यात जास्त निघाल्या. अंकगणिताचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सोडवून त्या कमी झाल्या नसत्या. दुसऱ्यांदाही तिथेच राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, हे खरं आहे. पण त्यातली बरीच जण जे आवडतं तेच परत करत बसली होती.

आता मुलाखतीत कापण्याबद्दल. आयआयएमचे निवडीचे निकष जाहीर असतात. कॅटचे गुण, दहावी-बारावी-पदवीचे गुण, कामाचा अनुभव, शाखा आणि लिंग यांचं वैविध्य, लेखी चाचणी, मुलाखत. प्रयत्न कितवा, याला त्यात गुणही नाहीत आणि कपातही नाही. कॅटला वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि एका वर्षाचा स्कोअर त्याच प्रवेशफेरीपुरता चालतो. मला वाटतं आपल्या शहरात हा घोळ होतो कारण सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत एकाच टेबलावर सगळ्या परीक्षांची मुलं बसतात. यूपीएससीला खुल्या गटात सहा प्रयत्न, जेईई अॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोन. तिथली भीती इथे येऊन चिकटते. सिम्बायोसिसच्या एमबीएसाठीची स्नॅप तर एकाच वर्षात एकाहून जास्त वेळा देता येते आणि सर्वोत्तम गुण धरले जातात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. दहावी-बारावीचे गुण बदलत नाहीत, आणि अहमदाबादसारख्या संस्था ते मोजतात. ज्याचे ते गुण कमी आहेत, त्याने कुठे अर्ज करायचा ही यादी आधी नीट बसून करावी. सीईटी, म्हणजे राज्याची एमबीए प्रवेशपरीक्षा, हीही त्या यादीत असू द्या. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला वजा गुण नाहीत, त्यामुळे सरावाची पद्धत वेगळी लागते.

मराठी माध्यमाच्या मुद्द्याचा मला खरोखर राग येतो, कारण या एका ओळीमुळे मुलं फॉर्मच भरत नाहीत. इंग्रजीच्या २४ प्रश्नांच्या विभागात १६ प्रश्न उताऱ्यांवर असतात. व्याकरणाचे नियम किंवा शब्दांचे अर्थ असे सुटे विचारत नाहीत. विचारतात ते हे, की लेखकाचं म्हणणं काय, तो कोणाला विरोध करतोय, त्याचा युक्तिवाद कशावर टेकलाय. हे मराठी वाचणाऱ्याला परकं नाही. अग्रलेख वाचत मोठी झालेली मुलं आपण.

माझी अडचण अशी होती, की मी प्रत्येक इंग्रजी वाक्य मनात मराठीत उलथवत होते. वाक्यं कळायची, पण उतारा संपेपर्यंत धागा सुटलेला असायचा. दुसऱ्या वर्षी मी सहकारनगरला मावशीकडे राहायचे. रोज रात्री एऑन किंवा गार्डियन या इंग्रजी वेबसाइटवरचा एक लेख न थांबता वाचायचा आणि मग पोळ्या लाटणाऱ्या मावशीला दोनच वाक्यांत मराठीत सांगायचं, की हा माणूस म्हणतोय काय. पहिले काही दिवस मी नुसती विषयाची नावं सांगायचे, ‘मावशी, हे मुंग्यांबद्दल आहे.’ ती म्हणायची, ‘अगं, पण त्याचं म्हणणं काय?’ तिला इंग्रजी येत नाही, पण प्रश्न नेमका तोच होता जो पेपरात असतो. दोन-अडीच महिन्यांनी मनातलं भाषांतर आपोआप थांबलं, कारण मी वाक्यांऐवजी म्हणणं शोधायला लागले होते. ज्यांना वाटतं इंग्रजी शाळा नव्हती म्हणून संपलं, त्यांनी हे महिनाभर तरी करून बघावं.

नोकरी सोडायचं तर मी कुणालाच सुचवणार नाही. बऱ्याच आयआयएम कामाच्या अनुभवाला गुण देतात, बंगळुरू त्यात आहेच. मी सकाळी साडेपाच ते सात अभ्यास करायचे, मग बस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून संध्याकाळी परत आल्यावर गणित होत नाही, म्हणून रात्री फक्त वाचन. रविवारी एक मॉक, म्हणजे पूर्ण सराव परीक्षा. घरी बसून दिवसाचे दहा तास हाताशी असते, तर मी त्यातले सहा काळजीत घालवले असते.

आणि क्लास. एका क्लासने मला रिपीटर बॅचची पूर्ण फी सांगितली. पुस्तकं पहिल्या वर्षीचीच होती. दुसऱ्यांदा लागते ती टेस्ट सिरीज, म्हणजे अशा मॉकचा संच, आणि वेबसाइटवर मिळणारे मागचे पेपर. मॉक दोन तासांची असेल तर ती तपासायला तीन तास द्या.

मामांचा खरा प्रश्न पैशांचा होता, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून रात्री त्यांना वेगळा फोन केला. २०२४ ला फॉर्मची फी खुल्या गटाला २५०० रुपये होती. त्यात टेस्ट सिरीजचे पैसे धरले, तरी क्लासच्या पहिल्या हप्त्यापेक्षा कमीच होतात. ‘आणि नोकरी?’ त्यांनी विचारलं. चालूच राहील, म्हटलं. मग त्यांनी मुलाला बोलावून रिस्पॉन्स शीट काढून ठेवलीस का, एवढं विचारलं. त्याने ती काढलेली होती. या रविवारी तो ती घेऊन माझ्याकडे येतोय.