कांकण कुणाच्या हातातलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

ग्राफिक डिझायनर कसा नेमावा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आलाय ते कळलं, आणि तो सगळाच अनाठायी आहे असंही नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही बारा वर्षं या कामात आहात. मुलाखतीत काम करून दाखवायला लावणं म्हणजे फुकट राबवून घेणं, आणि ब्लीड (छापताना कडेबाहेर वाढवलेला रंग) माहीत नाही म्हणून एका मुलाला परत पाठवणं हा निव्वळ कद्रूपणा, असं तुमचं म्हणणं. शिवाय ज्याला स्वतःला धड रेघ ओढता येत नाही त्याने डिझायनरला 'हे असं का केलंत' म्हणून विचारावंच कशाला, पोर्टफोलिओ समोर आहे की! 'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' हे तुमचं शेवटचं वाक्य.

फुकट कामाबद्दल तुम्ही बरोबर आहात. मूळ लेखात मी तो भाग गुळमुळीत लिहिला, कारण चूक आमचीच होती. एका वर्षी आम्ही आठ उमेदवारांना आमच्याच येऊ घातलेल्या ब्रोशरचं मुखपृष्ठ करायला दिलं. नेमला एकालाच, पण पुढे जे मुखपृष्ठ छापलं त्यात दुसऱ्या दोघांच्या कल्पना सरळ दिसत होत्या. मुद्दाम कुणी उचलल्या नव्हत्या. आठही कागद आठवडाभर भिंतीवर होते, ते डोक्यात बसले. पण ज्याची कल्पना गेली त्याला या खुलाशाचं काय करायचंय? आता आम्ही दोन तासांचं काम देतो, तेही कधीच छापून संपलेल्या मजकुरावर, आणि निवड होवो न होवो, त्या दोन तासांचे पैसे देतो. मूळ लेखात हे आजच घालतो.

आता कांकण. आरसा नको, मान्य. पण कांकण तुमच्याच हातातलं आहे ना, एवढं तरी विचारू द्याल की नाही?

पोर्टफोलिओवर भाळून आम्ही एकाला घेतलं होतं. एका मोठ्या मोहिमेची कामं, दृष्ट लागावी अशी. महिन्याभरात लक्षात आलं की त्या मोहिमेत त्याच्या वाट्याला तयार लेआउट वेगवेगळ्या मापांत बसवणं एवढंच होतं. तो खोटं बोलला नव्हता. 'त्या टीममध्ये होतो' असंच म्हणाला होता. 'त्यातलं तू काय केलंस' हे आम्ही विचारलं नाही. मापांत बसवणं हीसुद्धा कलाच आहे, आडव्याचं उभं करताना काय ठेवायचं न काय सोडायचं ते कळावं लागतं. पण आम्हाला हवा होता कोऱ्या पानापासून सुरुवात करणारा. तोही वैतागला, आम्हीही.

तेव्हापासून मी ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, उघडायला सांगतो. तुम्हाला ती झडती वाटते. मध्यंतरी एकाने एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका उघडली. देखणी होती. म्हटलं, कार्यक्रम एक दिवस पुढे गेलाय असं समजा, तारीख बदला. सगळा मजकूर आउटलाइन केलेला (म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं झालेली, टाइप करून बदलता न येणारी), आउटलाइन करण्याआधीची फाइल ठेवलेलीच नाही, फॉन्टचं नाव आठवत नाही. मग '१४' मधला चार पुसून तो फोन नंबरातला पाच उचलायला गेला. तो लहान, म्हणून ताणला. ताणल्यावर जाड झाला. अकरा मिनिटं गेली. हे मला पोर्टफोलिओत कुठल्या पानावर दिसलं असतं?

दुसरी फाइल एका मुलीची. मराठी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून तिने अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. रोमन कॅपिटलना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते, आणि मथळा दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसायला लागतो. मी काही बोललो नाही. तिनेच पडद्यावर मोठं करून पाहिलं, दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे देवा, हे असंच छापून गेलंय." मग माझ्याकडे न बघता अंतर शून्यावर आणलं, टाइप थोडा मोठा केला, खालचं चित्र कापलं. तिला आम्ही घेतलं. (इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवणारी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय न लावल्यामुळे ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेलेले आणि जोडाक्षरं फुटलेले पोर्टफोलिओही बरेच येतात. बनवणाऱ्याने स्वतःचं काम वाचलेलंच नसतं.)

मला रेघ ओढता येत नाही, खरंच येत नाही. म्हणून तर 'हे सुंदर आहे का' या वादात मी पडत नाही. हे कोण वाचणार, किती लांबून वाचणार, वाचून त्याने काय करायचंय, हे विचारतो. त्याला रेघ ओढता यावी लागत नाही. तो वाचणारा मीच असतो.

तुम्ही पॉल रँड या नामवंत अमेरिकन डिझायनरचा दाखला दिलात. १९८६ साली स्टीव्ह जॉब्जने त्याच्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोसाठी पर्याय मागितले, रँडने एकच देईन म्हणून ठणकावलं आणि एक लाख डॉलर घेतले. अगदी बरोबर. पण त्या एका लोगोसोबत त्याने शंभरेक पानांची पुस्तिकाही दिली होती. नावातला 'ई' लहान का, तिथपर्यंत तो पायरी पायरीने कसा आला, लोगोतला ठोकळा २८ अंशांत कलता का, सगळं त्यात आहे. त्याने पर्याय दिला नाही, कारणं मात्र न विचारता दिली. मी विचारून मागतो, एवढाच फरक.

ब्लीडच्या मुलाचं मात्र मी लिहिलंच चुकीचं. ब्लीड माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. गठ्ठा कापताना सुरी केसभर इकडेतिकडे होते, म्हणून रंग कडेबाहेर ३ मिलिमीटर न्यायचा, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. दहा मिनिटांत शिकवता येतं. मी ते सांगितल्यावर तो म्हणाला, "ते छापणाऱ्याचं काम." म्हटलं, पडद्यावरचा हा झगझगीत हिरवा चार शाईंत मळका उतरेल, त्याचं काय? "तेही छापणाऱ्याचं." तिसरा प्रश्न मी विचारला नाही.

'तुमच्यासमोर मी असतो तर उठून गेलो असतो' असंही तुम्ही लिहिलंय. एकजण खरोखर गेला होता. दारात थांबून म्हणाला, "बाहेरच्या पाटीवर तुमचा लोगो आडवा ताणलाय, बघितलात का कधी?" संध्याकाळी जाऊन पाहिलं. ताणलेला होता, वरचा गोल चक्क अंड्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला, तर तोवर त्याने दुसरीकडे होकार देऊन टाकला होता.