जुन्या गेममध्ये काय उरलंय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या कॉम्प्युटर गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही नीट द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुने गेम आवडतात ते आपलं लहानपण आठवतं म्हणून, त्यांच्यात स्वतःचं असं काही नसतं. आजचे गेम सगळ्याच बाबतींत पुढे गेलेत. आणि वेंगुर्ल्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, भाचीला असल्या गोष्टी दाखवणं बरं नव्हे.

पहिलं मला अजिबात पटलेलं नाही. १९९८ साली बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शनिवारी शेवटची वीस मिनिटं आम्हाला गेम खेळायला मिळायची. आता, या गेममध्ये राजकन्येला सोडवायला मुदतच मुळी साठ मिनिटांची. वीस मिनिटांत जेमतेम तिसरी लेव्हल यायची. पावसाळ्यात तर तेवढंही नाही. जरा वारा सुटला की लाईट गेलीच, आणि पडद्यावरचं चित्र मधोमध आक्रसून विझून जायचं. पुढच्या वर्षी दमट हवेने क्लासातल्या फ्लॉप्यांना बुरशी धरली आणि तेही संपलं. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या पुढचं मी लहानपणी पाहिलेलंच नाही. मग तिथे मला आठवतं ते काय?

गेम पूर्ण केला तो थेट २०१९ च्या श्रावणात. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा आडवा येतो. धावत येऊन त्यात उडी मारली की प्रिन्स आरपार जातो, त्याचा जीव जवळजवळ संपतो आणि त्याची सावली दुसऱ्या बाजूने निघून जाते. पुढे हीच सावली त्याच्या वाटेत येत राहते. त्याच्या वाटणीचं औषध पिऊन टाकते, तोंडावर दरवाजा पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी. मी वार केला तर जीव माझाच कमी झाला. परत केला, परत तेच. तीन वेळा मेले. चौथ्यांदा हात थांबला आणि मी तलवार म्यान केली. समोरून तिनेही केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. दहा वर्षांच्या मला हे उमगलं नसतं.

या सावलीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. जॉर्डन मेक्नरने हा गेम ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला, तो १९८९ साली बाजारात आला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावायचं, त्याचं चित्रीकरण करायचं आणि एकेक चौकट बघून प्रिन्सची हालचाल उतरवायची, असं त्याचं काम. त्यातच मेमरी इतकी भरली की शत्रूंची नवी चित्रं ठेवायला जागाच उरेना. मग प्रिन्सचीच चित्रं वेगळ्या तऱ्हेने पडद्यावर उमटवून ही सावली उभी केली. अडचणीतून निघालेली ही वाट गेमचा गाभाच होऊन बसली.

तुम्ही मूळचे कुडाळचे असं लिहिलंय, म्हणून विचारते. जत्रेत रात्रभर दशावतार बघता ना? आख्यान आपल्याला आधीच ठाऊक असतं, राक्षस मरणार हेही. तरी आपण पहाटेपर्यंत बसतो आणि त्याला कुणी लहानपणात रमणं म्हणत नाही. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट दर रात्री नवं बोलतो, गेम मात्र आहे तसाच राहतो, असं तुम्ही म्हणाल. पण गेममध्ये नट मी असते. सैल फरशीवर शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं, ती खडखडली की मागे सरायचं, की सरळ धावत सुटायचं, हे मी दर खेपेला वेगळं करते.

आजचे गेम चित्रांत, आवाजांत, गोष्टींतही कितीतरी पुढे आहेत, हे मान्य. तेही मी खेळते.

भाचीचं म्हणाल तर ती संध्याकाळी बंदरावरच असते. पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा तासभर खेळते, मी शेजारी बसलेली असते.

तुम्हीही एकदा शेवटपर्यंत खेळून बघा, मग परत भांडू. क्लासात आम्ही खेळायचो तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीवरचा गेम; हल्लीच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स लागतं, ते कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करतं. आणि तिसऱ्या लेव्हलपासून पुढे कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह होतो. क्लासात आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. लाईट गेली की सगळी मुलं पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायची.