‘आपल्या घराण्यात कुणाला नाही’ म्हणे!

मुलुंडच्या आत्याने मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) अपॉइंटमेंट रद्द केली. कारण फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड: कॅन्सरचा जीन आईकडून मुलीला येतो, तो असला की कॅन्सर होणारच, घराण्यात कुणाला नसेल तर निर्धास्त राहा, आणि गरम लिंबूपाण्याने बिघडलेला जीन ‘रीसेट’ होतो.

‘निर्धास्त राहा’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. मुळात बीआरसीए, आरबी, पी५३ हे जीन तुमच्या-माझ्या सगळ्यांच्यात आहेत, आणि त्यांचं काम कॅन्सर रोखण्याचं आहे. कुणी पेशीचं बेसुमार विभाजन थांबवतो, कुणी डीएनएची मोडतोड दुरुस्त करतो. भानगड होते ती ते बिघडल्यावर. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात. सोसायटीच्या गेटवरचा एक वॉचमन झोपला तरी दुसरा जागा असतो, तसं एका प्रतीवर बहुतेक वेळा भागतं. दोन्ही गेल्या की पेशीला अडवणारं कुणी उरत नाही.

हे १९७१ साली अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी मांडलं. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरच्या ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आरबीच्या एका प्रतीतला बिघाड जन्मतःच घेऊन आलेल्या मुलांना रोग लवकर, बहुधा दोन्ही डोळ्यांत. बाकीच्यांना उशिरा आणि एकाच डोळ्यात, कारण त्यांच्या एकाच पेशीत दोन्ही बिघाड जन्मानंतर घडावे लागले. या दुसऱ्या मुलांच्या घराण्यात कुणालाच काही नव्हतं, तरी झालाच ना? आनुवंशिक कॅन्सर एकूण कॅन्सरच्या जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीचे बिघाड वयानं, तंबाखूनं, कधी पेशी विभागताना झालेल्या निव्वळ चुकीनं होतात. सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीन हे रसायन तर शरीरात बदललं की थेट पी५३ला चिकटतं. ते काय कुळ विचारून चिकटतं?

‘होणारच’ यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. बीआरसीए१ या जीनमधला घातक बिघाड वारशाने आलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. हा आकडा भीतीदायक आहेच, पण ‘होणारच’ नाही.

लिंबूपाणी प्या, खुशाल प्या. डीएनएतली अक्षरं त्याने बदलत नाहीत.

आणि ‘आईकडून मुलीला’ हेही अर्धवटच. बीआरसीएचा बिघाड बापाकडूनही येतो, मुलालाही येतो. म्हणजे जवळच्या नात्यात कुणाला तरुणपणी स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आईकडचं आणि वडिलांकडचं, दोन्ही सांगा. परळच्या टाटात यासाठी कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.