'एक चिपळूणकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मेन्यू, फॉर्म आणि आमचा एकुलता एक जीपीयू

नमस्कार दादा. (सही 'एक चिपळूणकर' अशी आहे आणि सर्व्हर सांभाळण्यात केस पांढरे झाले असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून दादा म्हणते, चालेल ना?) तुमची प्रतिक्रिया एवढी मोठी की खाली दोन ओळीत उत्तर टाकणं काही बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या रत्नागिरीच्या छोट्याशा सेटअपवर कुबफ्लोचा (सर्व्हरवर अनेकांना मशीन लर्निंगची कामं करू देणारी प्रणाली) डॅशबोर्ड कसा बदलून घेतला ते लिहिलं होतं, म्हणजे मेन्यूतून कटिब (मॉडेलची योग्य सेटिंगं आपोआप शोधणारं साधन) वगैरे काढलं, नोटबुक (ब्राउझरमधे कोड लिहून चालवायचं पान) सुरू करायचा फॉर्म बदलला, ग्राफाना (सर्व्हरचे आलेख दाखवणारं साधन) आत आणलं. दादांचं म्हणणं असं की ही नुसती रंगरंगोटी आहे, मेन्यूतून लिंक काढून सुरक्षा होत नाही, पत्ता टाइप केला की पान उघडतंच, वर पुढच्या अपग्रेडला हे सगळं वाहून जाणार, आणि मुळात आंब्याचे फोटो तपासायला हा पांढरा हत्ती पाळायचाच कशाला, एमएलफ्लो (प्रयोगांची नोंद ठेवणारं साधन) लावा आणि पोरांना कमांड लाईन शिकवा. शेवटी एक प्रश्नही आहे, त्याच्याकडे शेवटीच येते.

पत्ता टाइप केला की पान उघडतं हे शंभर टक्के खरं. कटिबची लिंक काढली तरी ब्राउझरमधे शेवटी स्लॅश कटिब लिहा, येईल समोर. पण मी सुरक्षेसाठी लिंक काढली असं लेखात कुठे आहे ते दाखवा बघू! कुबफ्लोच्या मेन्यूचा मामला असा आहे की सेंट्रलडॅशबोर्ड-कॉन्फिग नावाच्या कॉन्फिगमॅपमधे (सेटिंगं साठवायची जागा) 'लिंक्स' म्हणून एक जेसन (ठराविक पद्धतीने लिहिलेली यादी) असतं, त्यात मेन्यूलिंक्स, एक्स्टर्नललिंक्स, क्विकलिंक्स आणि डॉक्युमेंटेशनआयटम्स, आणि हा मेन्यू सगळ्यांना सारखाच दिसतो. अ‍ॅडमिनला वेगळा, विद्यार्थ्याला वेगळा असं त्यात नाहीच. म्हणजे मी काढलेली लिंक माझ्या स्वतःच्या स्क्रीनवरूनपण गेली. कुलूप लावायचं असतं तर असं कोण करेल? कुलूप खाली आहे. प्रत्येकाचं प्रोफाइल, त्या प्रोफाइलची नेमस्पेस (त्या माणसाची वेगळी राखलेली जागा) आणि त्यावरचे आरबॅकचे, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे, नियम. नोटबुकचं पान काहीही करायच्या आधी कुबरनेटिसला (कुबफ्लो ज्याच्यावर चालतं ती प्रणाली) विचारतं की या माणसाला या नेमस्पेसमधे हे करायची परवानगी आहे का, आणि नाही म्हटलं की विषय संपला, मेन्यूत लिंक असो नसो. खात्री करायची तर कुबेक्टीएल ऑथ कॅन-आय ही कमांड चालवा, पुढे ॲज लावून एखाद्या विद्यार्थ्याचं नाव द्या आणि दुसऱ्याच्या नेमस्पेसमधे नोटबुक बनवता येतं का विचारा. आमच्याकडे 'नो' येतं. मेन्यू काटछाट करण्याआधी मी हेच बघितलं होतं, लेखात लिहिलं नाही कारण लेख डॅशबोर्डवर होता.

मग लिंका काढल्या कशाला? कारण त्या कोणी वापरत नाही, एवढंच. हायपरपॅरामीटर (मॉडेल शिकवताना ठरवायची सेटिंगं) शोधायला कटिब भारी आहे पण एका जीपीयूवर (मॉडेल वेगाने शिकवणारं कार्ड) पन्नास ट्रायल कोण लावणार, आणि लावल्या तर बाकीच्यांनी काय समुद्रावर फिरायला जायचं?

आता खरा मुद्दा. तुमची जवळजवळ सगळी टीका मेन्यूवर आहे आणि फॉर्मवर तुम्ही अर्धी ओळ लिहिलीये ('दोन आकडे बदलले तर लेख कशाला'). माझ्या मते डॅशबोर्ड कस्टमाइज करणं म्हणजे नव्वद टक्के तो फॉर्मच. लोगो, रंग, मेन्यू हे नंतर.

नोटबुकचा फॉर्म ज्या फाइलवरून तयार होतो, स्पॉनर यूआय कॉन्फिग, त्यात मुळात सीपीयू 0.5 आणि मेमरी 1 जीबी असते. वर लिमिट फॅक्टर 1.2, म्हणजे मर्यादा 1.2 जीबी. आता डोळ्यासमोर आणा, दापोलीकडून कृषीची मुलं आलीयेत, पायथॉन नुकतंच शिकलीत, हापूसचे फोटो एका अ‍ॅरेमधे भरतायत, करपा आणि देठकूज ओळखायचं मॉडेल करायचंय. फॉर्म उघडला, नाव टाकलं, खालचं काही कळलं नाही म्हणून तसंच ठेवून लाँच केलं. फोटो लोड व्हायला लागले आणि कर्नल (नोटबुकमधला कोड चालवणारा भाग) मेला. परत चालवलं, परत मेला. स्क्रीनवर 'मेमरी संपली' असं कुठेच येत नाही हो, फक्त कर्नल गेला एवढंच येतं. त्या मुलांना वाटतं आपलाच कोड चुकला. कोड वाकडातिकडा करत बसतात, फोटो छोटे करतात आणि मग एवढ्या छोट्या फोटोत करप्याचे बारीक ठिपके दिसेनासे होतात आणि मॉडेल म्हणतं सगळे आंबे ठणठणीत! ते दोन आकडे मी बदलले म्हणून ही साखळी तुटली. याला रंगरंगोटी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

(जाता जाता, साक्याबद्दल, म्हणजे आंब्याचा गर आतून खराब होण्याबद्दल, दोघांनी विचारलंय. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो, त्यामुळे मोबाइलच्या साध्या फोटोवरून तो कोणतंही मॉडेल ओळखणार नाही, मग जीपीयू कितीही लावा. त्यासाठी निअर इन्फ्रारेडसारखं काहीतरी लागतं, तो वेगळा विषय.)

दुसरं, इमेज, म्हणजे नोटबुक ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअरचं तयार गाठोडं. फॉर्ममधे स्वतःची कस्टम इमेज टाकायची सोय असते, ती मी बंद केली. यावर तुम्ही 'हुकूमशाही' असा शब्द वापरलात. दादा, तुम्ही चिपळुणात राहता, पावसात फायबर तुटल्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला हवं का? एकेक इमेज कित्येक जीबीची. कोणीतरी नेटवरची नवीन इमेज टाकायची, ती दिवसभर उतरत राहायची आणि तेवढ्यात लाईट गेली की परत पहिल्यापासून. आता तीनच इमेज आहेत, नोडवर (आमच्या मशीनवर) आधीच उतरवून ठेवलेल्या, आणि पुल पॉलिसी 'इफ नॉट प्रेझेंट', म्हणजे मशीनवर नसेल तरच उतरवायची. एखादी लायब्ररी कमी पडली तर सांगावं, मी घालून देते.

आणि तिसरं म्हणजे जीपीयू. मार्च ते मे आमच्याकडे मारामारी असते, कारण आंबा तेव्हाच असतो आणि सगळ्यांना तेव्हाच मॉडेल हवं असतं. (जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मासळीच्या फोटोवाले निवांत येतात, त्यांचं काही नाही.) प्रोफाइलमधे कोटा लावता येतो, रिसोर्सकोटास्पेकमधे जीपीयूला एक आकडा द्यायचा, आणि इथे लक्षात ठेवा, जीपीयूसाठी 'रिक्वेस्ट्स' वाला कोटाच चालतो, लिमिट्सवाला नाही. पण कोटा नेमस्पेसपुरता. पाच जणांना एक-एक दिला आणि मशीनमधे एकच असला तर पहिल्याला मिळतो, बाकीच्या चौघांचा पॉड (ज्यात नोटबुक चालतं तो डबा) पेंडिंग. पहिला माणूस नोटबुक चालू ठेवून घरी गेला की संपलं. म्हणून कलिंग, म्हणजे रिकामं बसलेलं नोटबुक आपोआप थांबवणं. हे मुळात बंदच असतं आणि चालू केलं तरी मूळ वेळ 1440 मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस. ती मी दोन तासांवर आणली. कर्नल कामात असेल तर त्याला हात लावत नाही, आणि डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा राहतात, परत स्टार्ट केलं की समोर. फक्त मेमरीत भरलेलं जातं, ते मुलांना आधीच सांगून ठेवते. तुम्ही म्हणता तशी कमांड लाईन शिकवून हा प्रश्न कसा सुटणार होता, सांगाल का? घरी गेलेला माणूस काय एसटीतून डिलीट कमांड देणार?

अपग्रेडचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा जास्तच. हाताने कॉन्फिगमॅप एडिट करून ठेवला तर पुढच्या अप्लायला तो जाणारच, म्हणून आमचे सगळे बदल गिटमधे कस्टमाइझच्या ओव्हरलेत (मूळ फाइलींवर चढवायचा वेगळा थर) आहेत, मूळ मॅनिफेस्टला (कुबफ्लोच्या मूळ फाइलींना) हात नाही. पण खरी गोची दुसरीकडे आहे. ते 'लिंक्स'चं जेसन म्हणजे एक अख्खी स्ट्रिंग, त्यामुळे पॅचमधे एक ओळ बदलता येत नाही, पूर्ण स्ट्रिंग आपली घालावी लागते. म्हणजे नव्या व्हर्जनमधे मेन्यूत नवीन काही आलं तर आपल्याकडे ते दिसतच नाही, एररही येत नाही, गुपचूप. अपग्रेडच्या वेळी मूळ जेसन आणि आपलं जेसन शेजारी ठेवून डिफ, म्हणजे फरक, बघायचा, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. ओपनशिफ्ट एआयमधे (रेड हॅटची अशीच प्रणाली) हे जरा बरं आहे, तिथे डॅशबोर्डच्या कॉन्फिगमधे एकेका गोष्टीला वेगळा स्विच असतो, फक्त नावं 'डिसेबल' ने सुरू होतात, म्हणजे चालू करायचं तर डिसेबल फॉल्स. अशा उलट्या घड्याळाची सवय व्हायला वेळ लागतो.

एमएलफ्लो आमच्याकडे आहेच की, एक्स्टर्नललिंक्समधे पहिलीच लिंक त्याची आहे. पण ते प्रयोगांची नोंद ठेवतं आणि मॉडेलची रजिस्ट्री सांभाळतं. कोणाला किती मेमरी, जीपीयू कोणाकडे, हे वाटप ते करत नाही आणि आमचं भांडण वाटपाचंच आहे. एकटा माणूस एका लॅपटॉपवर काम करत असेल तर तुमचं बरोबर, कुबफ्लोच्या वाटेला जाऊ नका, मी पण जाणार नाही.

आता तुमचा प्रश्न, ग्राफाना मेन्यूत टाकलं तर आत पांढरं पान येतं. मेन्यूलिंक आयफ्रेममधे (पानाच्या आतल्या चौकटीत) उघडते आणि ग्राफाना स्वतःहून ब्राउझरला सांगतं की मला फ्रेममधे दाखवू नको. ग्राफानाच्या सेटिंगमधे सिक्युरिटीखाली 'अलाऊ एम्बेडिंग' ट्रू करा. तरी पान अर्धवट येत असेल तर 'रूट यूआरएल'मधे तुमचा उपमार्ग घाला आणि 'सर्व्ह फ्रॉम सब पाथ' चालू करा. एम्बेडिंग उघडल्यावर दुसरी एखादी साइटही ते पान स्वतःच्या फ्रेममधे घेऊ शकते, म्हणून ग्राफाना बाहेर उघडं ठेवू नका, कुबफ्लोच्याच गेटवेमागे (त्याच्या प्रवेशद्वारामागे) घ्या आणि मुलांना फक्त व्ह्यूअर (नुसतं बघायची परवानगी) द्या. आणि हे सगळं नको असेल तर मेन्यूलिंक्सऐवजी एक्स्टर्नललिंक्समधे टाका, नवीन टॅबमधे उघडेल, झंझट नाही. आमच्याकडे मुलांचा आलेख आत आहे आणि माझा अ‍ॅडमिनचा बाहेरच्या टॅबमधे.