एसीवालं घर भाड्याने घेताय? मग एवढं कराच

भर मे महिन्यात जळगावात घर शोधताय? छान. डोक्याला रुमाल बांधा आणि निघा. बेडरूमच्या भिंतीवर पांढरा डबा दिसला की मनोभावे नमस्कार करा, कारण त्याच्यापायी भाडं दीड हजारांनी जास्त आहे. हवा गार येते का, असं विचारू नका, घरमालकांना वाईट वाटतं. रिमोट दाबल्यावर टिंग वाजलं आणि पाती उघडली, की डिपॉझिट मोजा.

करारनामा वाचत बसू नका. 'सर्व फिटिंग्ज चालू स्थितीत परत करणे' या एका ओळीत सगळं येतं. नोटरी झाली की झालं, नोंदणी कशाला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ती करून घेणं मालकाचं काम आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे घरमालक काकांना मात्र सांगू नका. त्यांचं बीपी वाढेल, आणि घरात एसी बंद आहे.

स्टॅबिलायझर मागू नका. आपल्याकडचं व्होल्टेज काय तुम्हाला माहीत नाही का?

आता मुख्य गोष्ट. पारा 45 च्या वर गेला आणि एसी नुसता पंखा झाला, की काकांना फोन लावा. ते आधी म्हणतील, "आम्ही तर गच्चीवर झोपायचो, भो." मग म्हणतील, "देताना चालू होता ना? गॅस तुम्ही वापरला, तुम्हीच भरा. तुमचं सिलिंडर संपलं तर मी भरतो का?" यावर मान डोलवा. मी गेल्याच आठवड्यात डोलवली. अहो काका, एसीतला गॅस कोणी जाळत नाही! तांब्याच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरत असतो. आतल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो, परत आत येतो. कमी झाला म्हणजे गळतोय. आमच्याकडे तर गळती डोळ्यांनी दिसत होती: गच्चीवरच्या युनिटला जिथे नळी जोडतात, त्या नटाभोवती तेलाचा ओलसर काळा डाग आणि त्यावर धुळीचा थर. मेकॅनिकला दाखवलं. "हो, इथूनच जातोय," म्हणाला, आणि बाटली लावून गॅस भरायला लागला. गळती तपासायला साबणाचा फेस नाही, नळीत दाब देऊन बघायला नायट्रोजन नाही, भरण्याआधी नळीतली हवा ओढून काढणारं व्हॅक्यूम नाही, साधा नट उघडून बघणं नाही. का? तर काकांनी त्याला फोनवर बजावलं होतं, "फक्त गॅस भर, बाकी खोलू नको, खर्च निघतो." खर्च निघालाच. तीन हजार. माझे.

पुढच्या उन्हाळ्यात तो गॅस परत मीच 'वापरलेला' असणार.

फिल्टर धुवा. हे मात्र सरळ सांगतोय. आपल्या धुळीत आठवड्याला एकदा जाळी काढून नळाखाली धरायला दहा मिनिटं लागतात, आणि ते काम भाडेकरूचंच आहे. वर्षाची सर्व्हिसिंगही देईन मी, कुरकुर करणार नाही.

पण गळती, कॉम्प्रेसर, पीसीबी म्हणजे आतलं सर्किट बोर्ड? यंत्र कोणाचं आहे? मी घर सोडताना ते खांद्यावर घेऊन जाणार आहे का? काका, दीड हजार जास्त घेता ते भिंतीवरच्या प्लास्टिकचे घेता का? गार हवा विकायची आणि ती द्यायची वेळ आली की सिलिंडरचा दाखला द्यायचा, याला लबाडी म्हणतात. आणि करार करताना 'गॅस गळती मालकाकडे' एवढी ओळ लिहून घ्यायला लाजणारे आपण भाडेकरूही काही कमी बावळट नाही.

तीन हजारांची पावती जपून ठेवली आहे. जूनच्या भाड्यातून कापतोय. फोन जरूर करा काका, पण नट बदलायला माणूस कधी पाठवताय, तेवढंच बोला.